कडेकोट फाइल

उसाच्या पाचटापासून पुठ्ठा करायचा आमचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प मी क्लाउडवर ठेवला होता. फाइल फक्त आमच्या टीमनं बघायची, असं ठरलेलं. एके दिवशी सहज तपासलं, तर बघणाऱ्यांत चक्क ‘ब’ तुकडीच्या अर्पिताचं नाव! लिंक आमच्याच मिनाजनं दिली होती.

“अगं, एकाच एसटीनं येतो आम्ही. नुसतं बघायला मागितलं तिनं!”

“मग आता पहिलं बक्षीसपण बघायला दे!” असं म्हणून मी मिनाजसकट सगळ्यांना फाइलमधून काढून टाकलं. पासवर्डही बदलून लई अवघड ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी लोहाऱ्यात शाळेच्या लॅपटॉपवर तो मलाच आठवेना. नवा पासवर्ड करायचा कोड पप्पांच्या मोबाईलवर जायचा, आणि पप्पा ढोकीच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर घेऊन रांगेत, मोबाईल बंद! परीक्षक शेजारच्या टेबलापाशी आले, तसं मला रडूच फुटलं.

तेवढ्यात अर्पिता पळत आली आणि माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवत म्हणाली, “रडू नको गं, तुमची फाइल मी तेव्हाच डाउनलोड करून ठेवलेली, माझ्याकडं उघडती की!”