शेमची भावंडं

जेवायला बसलं की मुलगा आणि सून माझ्यासमोर इंग्रजीत सुरू होतात. मलाच नावं ठेवत असणार, दुसरं काय! नातीला शाळेत शब्दांची घराणी शिकवतात, म्हणून आठ महिने तिलाच मास्तरीण केली. शेम म्हणजे लाज. तिच्या मागोमाग शेमफुल, शेमलेस ही भावंडं हजर.

"आजी, शेमलेस कुणाला म्हणणार?"

"तुझ्या आईबापाला. भरल्या ताटावर!"

काल त्यांचं बोलणं पहिल्यांदा पूर्ण कळलं. सुनेचा साहेब, मुलाची पाठदुखी, सुट्टीत तिघांनी कुठे जायचं ते. शेमलेस जिभेवर तयार ठेवून मी हात वाळेपर्यंत ऐकत बसले.



त्यांच्या बोलण्यात मी मुळी नव्हतेच.