यजमान आडवे होईनात

यजमान पुन्हा आडवे झाले नाहीत. पडद्यावरची पट्टी धापा टाकत जवळजवळ शेवटापर्यंत गेली, तिथेच बसली, आणि थोड्या वेळाने 'पॅच बसवता आला नाही' असं सांगून मोकळी झाली. सर्व्हरची खोली सांभाळणाऱ्या ताईने माउस टेबलावर आपटला.

"मेला हटवादी," ती म्हणाली. "सगळं घर उठवलं तरी याचं आपलं झोपायचं नाव नाही."

दारात औषधवाला उभा होता. इस्पितळाच्या औषधखिडकीचा प्रमुख, नवाच आलेला. सकाळपासून फोन केला की त्याला हेच ऐकू येत होतं: यजमान हलत नाहीत, यजमान झोपत नाहीत, यजमानांना काही लागू पडत नाही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "घरी कुणी बघतंय ना त्यांच्याकडे? रजा घ्या हो. नवऱ्यापेक्षा सर्व्हर मोठा नाही."

"माझा नवरा ठणठणीत आहे. हे यजमान." तिने काचेपलीकडच्या घुरघुरणाऱ्या लोखंडी कपाटाकडे हनुवटी उडवली.

त्या खोलीची बोलीच तशी होती. एका दांडग्या सर्व्हरच्या पोटात बरेच आभासी संगणक राहतात, आपण स्वतंत्र आहोत अशा थाटात. ते पाहुणे, आणि त्यांना पोसतो तो यजमान. यजमानाच्या कोटाला भोक पडलं की चोर आत हात घालतात, म्हणून पॅच लावायचा, म्हणजे ठिगळ. पण अंगातल्या कोटाला टाके घालता येत नाहीत. आधी पाहुणे शेजारच्या सर्व्हरकडे पाठवायचे, मग यजमानाला निजवायचं आणि ठिगळ शिवायचं. पाहुणे गेले होते. औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळणारा पाहुणाही गेला होता, आणि दोन घरांचं ओझं वाहून शेजारी मेटाकुटीला आला होता.

"एकेक चिठ्ठी निघायला युग लागतंय," औषधवाला म्हणाला. "रांग जिन्याखाली गेलीय. एक बाई तापलेलं पोर खांद्यावर घेऊन उभी आहे, आणि मला औषध समोर दिसतंय पण देता येत नाही. नाव उघडल्याशिवाय मात्रा कशी कळणार?"

ताई पडद्याला नाक लावून बसली होती. "अगं बाई," ती म्हणाली. "एक पाहुणा आतच आहे."

तेवढ्यात साहेब आले. संगणक विभागाचे प्रमुख, इस्त्रीचा माणूस. "अजून झालं नाही? एवढंसं ठिगळ ते. तुमच्याकडून होत नसेल तर सांगा, बाहेरून माणूस आणतो."

"आत अडून बसलेला पाहुणा म्हणजे तुमचा बोर्ड, साहेब, सगळ्या सर्व्हरची तब्येत दाखवणारा. तो उठत नाहीये. याला कधी हलवू नये, कधी बंद करू नये, असा हुकूम आहे त्याच्यावर. हुकूम तुमचा."

"अर्थात माझा. सुरक्षिततेचा बोर्ड आहे तो. तोच हलला तर सुरक्षितता कुठे राहिली?"

"तो बसलाय म्हणूनच ठिगळ लागत नाही."

"पण बोर्ड तर म्हणतो, लागलंय." साहेबांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "बघा. सगळे सर्व्हर हिरवे. वरचे लोक रोज बघतात हे. कौतुक करतात."

ताईच्या कपाळाची शीर टरारली. त्या क्षणी खोली इतकी तापली की भिंतीवरचा एसी खोकला आणि आपणहून वाढला, असं औषधवाला अजून शपथेवर सांगतो. त्याच्या शपथेचं काय ते तुम्ही बघा.

"साहेब," ताई एकेक शब्द दाताखाली धरून बोलली, "हा कधीच बंद केलेला नाही. त्यामुळे हा नव्याने मोजतच नाही. बसवला त्या दिवशी जे पाहिलं, तेच रोज वाचून दाखवतोय. मेलेल्या घड्याळाला तुम्ही वेळ विचारताय. आणि याच्यासाठी खाली पोर तापाने फणफणतंय."

"हे बघा, तीन वाजता वरची बैठक आहे. तोवर याला हात लावायचा नाही. तो काळा पडला तर मी काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखवा," असं म्हणून ताईने बोर्ड बंद केला.

साहेबांच्या हातातला मोबाइल काळा पडला. त्यांनी तो झटकून पाहिला.

पाहुणा उठताच यजमान शहाण्या बाळासारखे निजले. ठिगळ शिवलं गेलं. यजमान जागे झाले, शेजाऱ्याकडची मंडळी घरी परतली, आणि औषधवाल्याचा फोन वाजला. खिडकीवरून कुणीतरी सांगत होतं की नावं पटापट उघडतायत. तो जिन्याकडे धावला. जाता जाता ताईला हात जोडायचे की साहेबांना, हे न कळून त्याने ते मधल्या एसीला जोडले.

शेवटी ताईने बोर्ड चालू केला. तो डोळे चोळत उठला आणि बसवल्यापासून पहिल्यांदाच त्याने सर्व्हर मोजले. एक हिरवा लागला. बाकी ओळीने सगळे तांबडे.

तेवढ्यात साहेबांना वरून फोन आला. त्यांनी टाय सरळ केला, पाठ ताईकडे वळवली आणि आवाज खाली घेतला.

"नाही सर, सकाळपर्यंत सगळं हिरवं होतं. मग आमच्या ताईंनी दुरुस्ती केली."