शाफ्टचा जॉइंट

आमच्या जुन्या गाडीच्या शाफ्टचा जॉइंट झिजला होता. फाटकात वळताना चाकापाशी असं कटकट वाजायचं, की सगळ्या गल्लीला कळायचं. समोरच्या फ्लॅटातल्या कॉम्प्युटरवाल्याची बायको रुपाली लगेच गॅलरीत यायची.

"आजी, आज कुठं जाऊन आलात?"

"तुझी परवानगी काढायला गेले होते," मी म्हणायचे.

एकदा ती म्हणाली, "मुलगा अमेरिकेत, आणि गाडी अशी?" मला झोंबलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या गेनबा ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी स्वारगेटच्या गॅरेजला ने. हिचं तोंड बंद झालं पाहिजे."

मेकॅनिकने जॉइंट खोलून नवे छर्रे घातले, ग्रीस भरलं. आता गाडी लोण्यासारखी वळते. महिना झाला, मी जाते, मी येते, गॅलरीत कोणी येत नाही. म्हातारी कुठं गेली होती, हे विचारणारं घरात तरी कोण आहे?

काल फाटकाशी आल्यावर म्हटलं, "गेनबा, हॉर्न दे."

"आक्का, रस्ता तर मोकळा हाय."



"मांजर दिसलं मला. चांगला लांब दे."