गणतीत
शहरातला कारखाना बंद पडल्यावर गावी परतलेला टर्नर दुपारभर झोपायचा आणि झोपेतच हात फिरवत लोखंड कातायचं न दिसणारं लेथमशीन चालवायचा. आज रोजगाराची पाहणी करणाऱ्या बाईंनी त्याला उठवलं. “गेल्या आठवड्यात तासभर तरी काम केलंत?” “झोपेत करतात की हे,” बायको म्हणाली, “हलवलं तर ओव्हरटाइम मागतात!” “बरं, काम शोधताय?” शोधणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. “काम शोधत नसाल, तर तुम्ही बेकारांतही बसत नाही,” बाई ओशाळून म्हणाल्या, “आमच्या गणतीत तुम्ही नाहीच.” “थांबा, लिहू नका!” तो अनवाणीच उठला, कापसावरून चालल्यासारखा रस्ता ओलांडून समोरच्या वेल्डरपाशी गेला. कानांत अजून लेथची गुणगुण होती. “दादा, काही काम मिळेल?” “मीच माश्या मारतोय, तुला कुठून देऊ?” टर्नर पगार झाल्यासारखा हसत परतला. “मॅडम, विचारलं! नाही म्हणाला. लिहा मला बेकार.”