कागद

"बाबा, लॅपटॉपच्या मागे उभं राहायचं. ती डॉक्टर पाच शब्द सांगेल, ते मोठ्या अक्षरांत लिहायचे. मी वर बघितलं की कागद धरायचा. दॅट्स ऑल."

उत्तमरावांनी मान हलवली. मार्करचं टोपण काढून ठेवलं. मस्कतमध्ये, अझैबातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एसी अठरावर होता, तरी सदरा पाठीला चिकटला होता. इथे संध्याकाळचे पाच, तिकडे अमेरिकेत सकाळचे नऊ.

त्यांचा मुलगा कौशिक तेहतीस वर्षांचा होता. बारा वर्षं तो आईस हॉकी खेळला, सात टीमकडून, जवळजवळ सगळी वर्षं खालच्या लीगमध्ये. लहान गावं, रात्र-रात्र बसचा प्रवास. वरच्या लीगमध्ये चार मॅचेस मिळाल्या, तेवढ्याच. गोल करणं हे त्याचं काम नव्हतं. आपल्या स्टार खेळाडूला कुणी धक्का दिला की हातमोजे टाकून त्याच्याशी मारामारी करायची, हे त्याचं काम. आता आठवी टीम त्याला घ्यायला तयार होती, एका सीझनसाठी. फक्त त्यांची डॉक्टर आधी व्हिडिओवरून त्याचं डोकं तपासणार होती.

"हे नाही झालं तर मी काय करू, बाबा?" सकाळी तो म्हणाला होता. "मला दुसरं येतं काय?"

सहा वर्षांच्या पोराला कुरमच्या बर्फाच्या रिंकवर उत्तमरावांनीच नेलं होतं. मस्कतच्या उन्हाळ्यात पोरं खेळणार कुठे, म्हणून.

डॉक्टर स्क्रीनवर आली. हसरी, बोलायला मऊ. "लेमन, ब्रिज, पिलो, हॅमर, कँडल," तिने सावकाश सांगितलं. कौशिकने लगेच पाचही शब्द परत म्हटले. उत्तमरावांनी ते कागदावर उतरवले.

मग महिने उलट्या क्रमाने.

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट..." कौशिक थांबला. "ऑगस्ट," तो पुन्हा म्हणाला. "ऑगस्ट..."

टेबलाखाली त्याचा गुडघा थडथड उडत होता. डॉक्टरला तो दिसत नव्हता. उत्तमरावांना दिसत होता.

"काही घाई नाही," डॉक्टर म्हणाली. बरीच वाट पाहून तिने विचारलं, "मघाचे पाच शब्द आठवतायत?"

कौशिकने वर बघितलं.

एवढा घाबरलेला कौशिक उत्तमरावांनी कधी पाहिला नव्हता. गेल्या मार्चमध्ये बर्फावर तो डोक्यावर आपटला आणि उठून परत भिडला, तेव्हा याच हॉलमध्ये पहाटे मॅच बघताना त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती क्लिप नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती. पुढच्या वेळी पोरगा उठलाच नाही, तर तेही ते इथेच बसून बघणार होते.

कागद छातीपर्यंत वर आला आणि तिथेच थांबला. मग उत्तमरावांनी तो टेबलावर उपडा ठेवला.

"बाबा," कौशिक दबक्या आवाजात म्हणाला. "बाबा, प्लीज."

"तिथे कोण आहे?" डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

उत्तमराव टेबलाला वळसा घालून पुढे आले. मुलाच्या शेजारची खुर्ची ओढून ते बसले.

"मी याचा बाप," ते इंग्रजीत म्हणाले. "याला आठवत नाहीये."

कौशिकने आपली खुर्ची थोडी लांब सरकवली. डॉक्टरने काही लिहून घेतलं. मग शांतपणे उत्तमरावांना विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

फोनवर कौशिक एकच गोष्ट दोनदा विचारायचा. आई कशी आहे? पाच मिनिटांनी पुन्हा, आई कशी आहे? दर वेळी उत्तमराव पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगायचे. बायकोशीही ते यातलं एक अक्षर बोलले नव्हते.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले.

कौशिक हळूहळू त्यांच्याकडे वळला.

"तुम्हाला माहीत होतं?"