दातातली रेघ

यंत्र थांबलं. ऋतुजाने चूळ भरली, तोंड पुसलं आणि पुन्हा खुर्चीत मागे टेकली. डॉक्टर आनंदराजांनी दिवा खाली ओढला. चहाचा पिवळेपणा गेला होता. वरच्या दातांवर मधोमध गेलेली करडी आडवी रेघ मात्र होती तशीच होती.

"ऱ्हायलीच की ती," जगदेवी लेकीच्या पायाशी उभी राहून म्हणाली.

"राहणारच, मावशी. ती वरून चिकटलेली नाही. दात आतूनच तसा तयार झालाय."

"बोरच्या पाण्यानं?"

"पाण्याचे डाग ढगासारखे पसरतात, कुठंही, कसेही. ही सरळ आहे. घासून जायची नाही. जन्मभर घासलं तरी."

ऋतुजाने दिव्याखालून आईकडे पाहिलं. "ऐकलंस का मम्मी? जन्मभर."

जगदेवीने ऐकलं होतं. पोर सातवीत असताना तिने तिला न्हाणीत बसवून राखुंडी आणि मीठ लावून घासलं होतं, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. नंतर लिंबू. नंतर कोळसा. गेल्या महिन्यात उदगीरचे पाहुणे निलंग्याला पाहायला आले, तेव्हा मुलाच्या आत्याने बशी खाली ठेवत विचारलं होतं, "पोरगी चहा लई पिती काय हो?" त्या रात्री जगदेवी लेकीशी बोलली नव्हती. तरी पसंती आली. साखरपुड्याला वीस दिवस होते, म्हणून दोघी सकाळच्या एसटीने लातूरला आल्या होत्या.

"मग पडली कशानं ही?" ऋतुजाने विचारलं.

"औषधानं. एका जातीचं औषध असतं, आता लहान लेकरांना देत नाहीत. पूर्वी द्यायचे. हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असताना पोटात गेलं, की दातातच बसतं." त्यांनी बारीक पट्टी दाताला लावली. "रेघ कुठल्या उंचीवर आहे त्यावरून वय कळतं. तुम्ही सव्वादोन-अडीच वर्षांच्या असाल. एकच रेघ आहे, म्हणजे एकदाच दिलंय. काय झालं होतं हिला, मावशी?"

"आठवत न्हाई," जगदेवी म्हणाली.

तिला आठवत होतं. पिवळं, दाट औषध. झाकणाशी साखरेसारखं सुकलेलं.

डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. एक, दातांच्या मापाचा साचा करायचा, त्यात औषध भरून रोज घालून झोपायचं. इतरांचे दात दोन-तीन आठवड्यांत उजळतात, या रेघेला सहा महिने तरी लागतील, आणि फिकी होऊन थोडी उरेलच. दुसरा, दात पुढून थोडा घासून त्यावर पातळ पांढरा पापुद्रा चिकटवायचा. रेघ झाकली जाईल. पण घासलेला दात परत येत नाही, आणि पापुद्रा काही वर्षांनी बदलावा लागतो.

"पापुद्राच बसवा," ऋतुजा म्हणाली. "वीस दिवसांत होतंय ना?"

"होतंय. पण घाई करू नका. चांगला दात आहे."

"चांगला कशाचा, सर? बारावीच्या फोटोपासून तोंड मिटून ऱ्हायली मी. मम्मीला वाटायचं, मी दातच घासत न्हाई. पाव्हण्यांसमोर सांगायची, लई आळशी हाय म्हणून."

"मी आपलं चेष्टेनं म्हणायची," जगदेवी म्हणाली.

डॉक्टर कार्डावर लिहू लागले. "मावशी, दात घासायचा म्हणजे आधी कुठलं मोठं दुखणं झालं होतं का, ते माहीत असलेलं बरं. ताप होता, निमोनिया होता, काय होतं? नीट आठवा. दुखणं नसताना कोणी औषध देत नाही."

जगदेवीने पर्सची चेन उघडली, बंद केली.

"हिला काय न्हाई झालं. खेळत होती. ताप सिद्धरामला होता."

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"थोरला माझा. पाच वर्षांचा होता."

ऋतुजा खुर्चीत उठून बसली. तिच्या गळ्यातला कागदी रुमाल घसरून मांडीवर पडला. सिद्धराम तिला भिंतीवरच्या फोटोपुरता माहीत होता. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे.

"त्याला ताप होता," ती म्हणाली, "मग औषध मला कशाला?"

"उरलं होतं."

बाहेर कुणीतरी दाराची कडी वाजवली. डॉक्टर "पाच मिनिटं" म्हणाले.

"धा दिवसांचं दिलं होतं," जगदेवी म्हणाली. तिचा आवाज भाजीवालीला भाव विचारावा तसा सपाट होता. "चवथ्या दिशी सकाळी गेला त्यो. बाटली फळीवर तशीच. मला वाटलं, आता हिला होईल. रोज एक चमचा दिलं. गोड होतं, मागून प्यायची. संपेस्तोवर दिलं."

ऋतुजाने वरच्या ओठावर बोट टेकवलं.

"किती उरलं होतं?"

जगदेवीने पर्स काखेत धरली आणि अंगठा नि पहिलं बोट ताणून हवेत माप दाखवलं. त्याकडे पाहिलं. मग बोटं थोडी जवळ आणली.

"एवढं," ती म्हणाली.