चौकशीचं पत्र

विनोदिनीबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना मनापासून हसू आलं.

पत्र साताऱ्याच्या लालासाहेबांचं होतं. त्यांच्या मुलाला वाईच्या मधुकर मास्तरांची शरयू सांगून आली होती. शरयू सांगलीत बाईंच्याच शाळेत शिकवते, तेव्हा मुलगी कशी आहे ते मोकळेपणी कळवावं, एवढीच विनंती.

हेच घर, हेच लालासाहेब. एकोणसाठ साली त्यांच्या धाकट्या भावाशी विनोदिनीचं लग्न ठरल्यात जमा होतं. शालूसुद्धा पसंत झाला होता. अचानक नकार आला. थोरले बंधू अण्णा साताऱ्याला जाऊन आले आणि ओसरीवर टेकत म्हणाले, "तुझ्या मधुकर मास्तरांनी त्यांना लिहून कळवलं गं. मुलगी 'स्ट्रेंज' आहे म्हणे."

स्ट्रेंज म्हणजे विचित्र, चमत्कारिक. हा अर्थ तिला मास्तरांनीच वर्गात शिकवला होता. वापर मात्र त्या दिवशी कळला. मुलीला वेडी म्हटलं तर लोक पुरावा मागतात. स्ट्रेंज म्हटलं की पुरावा नको आणि भांडणही नको, उरलेलं ऐकणारा आपल्या मनानं भरून घेतो. वाईनं ते पोटभर भरून घेतलं. पुन्हा तिला स्थळ आलं नाही.

ती सांगलीला येऊन शिक्षिका झाली. पाठोपाठ अण्णाही बायकामुलांसह तिच्याकडे राहायला आले. त्यांची नोकरी कुठेच टिकत नसे; वाईतही घर तिच्या शिकवण्यांवरच चालायचं. विनू आहे म्हणून आमचं घर उभं आहे, असं ते चारचौघांत कबूल करायचे.

"कुणाचं पत्र?" अण्णांनी विचारलं.

"लालासाहेबांचं. शरयू कशी आहे विचारतायत."

अण्णांच्या हातातला अडकित्ता थांबला. "मग लिही की चांगली आहे म्हणून. नाहीतर उत्तरच देऊ नकोस. त्या लोकांशी संबंधच नको."

"मास्तरांनी माझं वाटोळं केलं, अण्णा."

"झालं गेलं. कशाला उकरून काढतेस?"

वयानं अण्णा फारच हळवे झाले, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत शरयू डब्यातून पुरणपोळी घेऊन आली. "बाबांनी पाठवलीय. ते म्हणतात, त्यांच्या हाताखालून गेलेली सगळ्यात हुशार मुलगी तुम्हीच."

ढोंगी म्हातारा, बाई मनात म्हणाल्या. पोळी त्यांनी हरिबा शिपायाला दिली. मग दार लावून उत्तर लिहिलं. मुलगी हुशार आहे, देखणी आहे. आणि शेवटी, मराठीच्या मधोमध, तो एक इंग्रजी शब्द. पाकीट चिकटवून त्यांनी शिपायाला हाक मारली.

"आजच पेटीत टाक, हरिबा."

"व्हय बाई, ह्यो निघालोच. लय घाईचं हाय व्हय?"

"सतरा वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात अण्णा रोज दारात पोस्टमनची वाट बघत बसत. पण बाईंनी पत्ता शाळेचा दिला होता. आठव्या दिवशी जाडजूड पाकीट आलं. बाईंनी ते चवीनं, सावकाश फोडलं.

'आपलं पत्र पोचलं. एकोणसाठ साली मधुकर मास्तरांनी आपलं दोन पानं भरून कौतुक कळवलं होतं. तरीही आम्ही नकार दिला, कारण आणखी एक पत्र आलं होतं आणि ते लिहिणाऱ्यावर अविश्वास दाखवणं शक्य नव्हतं. पुढे आपल्या शाळेचं नाव कानावर येत गेलं आणि आम्ही फसलो हे उमगलं. आता तोच शब्द पुन्हा आपल्याच घरातून आला. या वेळी फसणार नाही. शरयूचं लग्न वैशाखात आहे, सहकुटुंब यावं. ते जुनं पत्र सोबत जोडलं आहे.'

बाईंनी पिवळ्या कागदाची घडी उलगडली. अक्षर रोजच्या ओळखीचं होतं. खाली लिहिलं होतं, 'आपला नम्र, मुलीचा थोरला भाऊ.'